लेखनसाधने आणि विचारव्यूह : मराठीच्या संदर्भात काही प्रश्न

साधने विचाराला घडवतात, हे विधान गेल्या दोन दशकांत इतक्या सहजतेने केले जाऊ लागले आहे की त्याची तपासणी करण्याची निकड फारशी कोणाला जाणवत नाही. मराठी चर्चेत ते बहुधा तक्रारीच्या रूपाने येते : इंटरनेटमुळे एकाग्रता गेली, वाचन वरवरचे झाले, हाताने लिहिणे सुटल्याने भाषा सैल झाली. ही तक्रार पुष्कळशी उसनी आहे. गूगल आपल्याला मूर्ख बनवीत आहे काय, असा प्रश्न शीर्षकातच विचारणारा निकोलस कार यांचा लेख २००८ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकात आला आणि त्याचा विस्तार असलेले ‘द शॅलोज’ हे पुस्तक २०१० मध्ये निघाले. तेव्हापासून या विषयावरील बोलणे कार यांनी आखलेल्या चौकटीतच फिरत राहिले आहे. एका बाजूला सलग, खोल, ग्रंथनिष्ठ मन आणि दुसऱ्या बाजूला तुटक, उथळ, यंत्रनिष्ठ मन, अशी ती चौकट. दोन लिप्या, दोन लेखनपद्धती आणि निदान तीन प्रकारचे कळफलक यांतून गेलेल्या मराठीला या बाबतीत स्वतःचे काही सांगायचे आहे काय, हा प्रश्न त्यात मागे पडतो.

कार यांच्या मांडणीतील सर्वांत आकर्षक दाखला नीत्शेचा आहे आणि तो त्यांनी फ्रीडरिख किटलर यांच्या ‘ग्रामोफोन, फिल्म, टाइपरायटर’ (१९८६) या ग्रंथातून घेतला आहे. दृष्टी अधू झाल्यामुळे नीत्शेने १८८२ च्या आरंभी मालिंग-हान्सन यांनी बनवलेले, अर्धगोलावर कळा बसवलेले लेखनयंत्र मागवले. लेखनाची साधने आपल्या विचारांच्या घडणीत सहभागी असतात, अशा आशयाचे वाक्य त्याने त्या काळात एका पत्रात लिहिले. किटलर यांचा निष्कर्ष असा की यंत्रामुळे नीत्शेचे गद्य युक्तिवादाकडून सूत्राकडे आणि वक्तृत्वाकडून तारेच्या भाषेकडे गेले. हा निष्कर्ष इतक्या ठिकाणी उद्धृत झाला आहे की तो जणू सिद्ध झालेला प्रयोगच वाटावा.

नीत्शेच्या ग्रंथांचा कालक्रम मात्र त्याला साथ देत नाही. सूत्रात्मक लेखनाचा त्याचा पहिला मोठा ग्रंथ ‘ह्यूमन, ऑल टू ह्यूमन’ १८७८ चा आहे आणि ‘डेब्रेक’ १८८१ चा. दोन्ही यंत्र हाती येण्यापूर्वीचे. यंत्र बिघडून बाजूला पडले ते काही आठवड्यांतच. त्यानंतर १८८३ पासून ‘झरथुष्ट्र’ लिहिला गेला, आणि त्याच्याइतके वक्तृत्वपूर्ण गद्य नीत्शेने आधी लिहिले नव्हते. १८८७ चा ‘जीनिऑलॉजी ऑफ मॉरल्स’ तर तीन सलग प्रबंधांचा आहे. डोळ्यांचे दुखणे, डोकेदुखी, चालता चालता सुचलेले टिपून ठेवण्याची सवय ही कारणे यंत्रापेक्षा अधिक जवळची आहेत. किटलर यांच्यासारख्या व्यासंगी अभ्यासकाने हा क्रम नजरेआड का केला असावा? साधन आणि शैली यांच्यात सरळ कार्यकारणभाव दाखवण्याचा मोह, हेच त्याचे उत्तर दिसते. शैली ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट. म्हणून परिणाम शोधायचा तर तो तिथेच, असे गृहीत धरले गेले. मॅथ्यू किर्शेनबाउम यांनी संगणकीय लेखनाचा वाङ्मयीन इतिहास लिहिताना (‘ट्रॅक चेंजेस’, २०१६) साधनावरून शैलीविषयी सरसकट निष्कर्ष काढण्याचे टाळले आहे. तो संयम अधिक शास्त्रीय आहे.

मानसशास्त्रीय प्रयोगांचा आधारही वाटतो तितका भक्कम नाही. माहिती कोठे मिळेल हे लक्षात राहते आणि माहिती विसरली जाते, असे सांगणारा बेट्सी स्पॅरो व सहकाऱ्यांचा निबंध २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. २०१८ मध्ये सामाजिक शास्त्रांतील प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा जो मोठा उपक्रम झाला, त्यात या निबंधातील निवडलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. हाताने टिपणे काढणारे विद्यार्थी विषय अधिक समजून घेतात, हा म्युलर आणि ओपनहायमर यांचा २०१४ चा निष्कर्षही २०१९ च्या पुनःप्रयोगात तितका स्पष्ट राहिला नाही. यावरून साधनांचा परिणाम होत नाही असे ठरत नाही. तो ‘खोली’ आणि ‘उथळपणा’ या मापांनी मोजता येईल की नाही, एवढीच शंका त्यावरून बळावते.

मग हा परिणाम शोधायचा कोठे? लिहिणे ही असंख्य लहान निर्णयांची मालिका असते : शब्द कोठे तोडायचा, वाक्य कोठे संपवायचे, ऱ्हस्व की दीर्घ, हा शब्द की तो, खोडायचे की ठेवायचे. प्रत्येक साधन यांतील काही निर्णय लिहिणाऱ्याकडून काढून घेते, काही त्याच्यावर लादते आणि काही वाचकाकडे ढकलते. परिणाम शोधायचा तो निर्णयाच्या या स्थलांतरात. शैलीविषयी वाद घालता येतो. निर्णय कोठून कोठे गेला हे मात्र संहितेत दाखवता येते. मराठीचा लेखनव्यवहार या दृष्टीने विलक्षण बोलका आहे.

रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अध्यात्मग्रंथात शाई, कागद, ओळी आणि अक्षरांचे वळण यांची चर्चा यावी, याचे अभ्यासकांना कौतुक वाटत आले आहे. पण त्या सूचनांमागचा विचार क्वचितच तपासला जातो. अक्षर मध्यम ठेवावे, कारण तरुणपणी लिहिलेले फार बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही. भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वळण एकच असावे. या सूचनांत लिहिण्याची गती कोठेच नाही. आहे तो संहितेच्या आयुष्याचा हिशेब. लिहिणारा आपल्याच वार्धक्यातील वाचकाचा आणि कागदाच्या झिजण्याचा विचार आधी करतो आणि मग बोरू उचलतो. हे बाळबोध लेखनाचे शास्त्र आहे.

त्याच काळात त्याच भाषेत मोडीचा व्यवहार याच्या अगदी उलट दिशेने चालत होता. आधी पूर्ण ओळीची शिरोरेषा ओढायची आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः नाहीत. मोडी वाचायची तर भाषा आधी यावी लागते. शब्द कोठे संपला हे अक्षर सांगत नाही, अर्थ सांगतो. म्हणजे जो निर्णय बाळबोध लिहिणारा करतो तो मोडीने वाचकाच्या पदरात टाकलेला आहे. जमाखर्च, सनदा, पत्रव्यवहार मोडीत आणि पोथ्या, काव्य बाळबोधीत, ही वाटणी केवळ सोयीची म्हणून सांगितली जाते. तिच्यात वाचकाविषयीच्या दोन कल्पना आहेत. मोडीचा वाचक प्रसंग जाणणारा, दप्तरातला माणूस असतो. बाळबोधीचा वाचक अनोळखी आणि बहुधा अजून जन्मायचा असतो.

जुन्या गद्याची वाक्यरचना या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगी आहे. ‘येणेंप्रमाणे’, ‘ऐसे’, ‘त्याउपरि’, ‘सबब’ अशा शब्दांची त्यातील रेलचेल आजच्या वाचकाला पाल्हाळ वाटते. पण पूर्णविराम आणि परिच्छेद नसलेल्या लिपीत हेच शब्द विचाराचे सांधे दाखवतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर टॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रुळली, तेव्हा या सांध्यांचे काम शब्दांकडून चिन्हांकडे गेले. ‘सबब’ म्हणजे कारण. तो शब्द लिहिणाऱ्याला आपल्या दोन विधानांतील संबंध कोणता हे सांगावे लागते. अर्धविराम टाकणाऱ्याला ते सांगावे लागत नाही. ही हानी की प्रगती याचा निवाडा करणे अवघड आहे, आणि त्याची गरजही नाही. वाक्यांतील संबंध उघड सांगण्याची सक्ती सैल झाली, एवढे मात्र निश्चित. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड १८९८ पासून निघू लागले. मोडी कागदपत्रे अशा रीतीने बाळबोधीत छापली जात असता शब्द तोडण्याचा निर्णय संपादकाला करावा लागतो. आजचा अभ्यासक जे ‘मूळ साधन’ म्हणून वाचतो त्यात संपादकाचे असे हजारो निर्णय मिसळलेले असतात. छापील पानावर ते दिसत नाहीत.

टंकलेखन यंत्राने निर्णयांची वेगळीच फेरवाटणी केली. देवनागरीची सारी जोडाक्षरे मोजक्या कळांत बसेनात, म्हणून अक्षराचे तुकडे झाले : अर्धे अक्षर एका कळेवर, ते पूर्ण करणारा काना दुसऱ्या कळेवर. ‘विचार’ हाच शब्द घेतला तर यंत्रावर आधी पहिली वेलांटी आणि मग ‘व’, असा क्रम होता. ‘धर्म’ लिहिताना ‘ध’, ‘म’ आणि शेवटी रफार. म्हणजे टंकलेखक शब्द चित्र म्हणून जुळवीत होता. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कळफलक प्रमाणित केला आणि हा क्रम उलटला. आधी ‘व’, मग वेलांटी. आधी ‘र’ आणि हलन्त, मग ‘म’. डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे व्यंजने, तीही वर्गांनुसार. १९९१ च्या इस्की मानकाने आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने संहितेची साठवणही उच्चाराच्या क्रमाने ठरवली. शिक्षासूत्रांपासून चालत आलेला वर्णविचार बोटांच्या हालचालीत उतरावा, असा प्रसंग आधुनिक काळात क्वचितच आला असेल. त्याचे स्वागत मराठी अभ्यासकांकडून व्हायला हवे होते तेवढे झाले नाही.

स्वागत झाले ते दुसऱ्याच पद्धतीचे. इंग्रजी कळफलकाची सवय असलेल्या बहुसंख्यांनी रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याचा मार्ग पत्करला. यात लिहिणारा ध्वनीचा अंदाज रोमन अक्षरांत देतो आणि यंत्र शब्दांची यादी पुढे ठेवते. ‘न’ की ‘ण’, ‘ल’ की ‘ळ’, पहिली की दुसरी वेलांटी, हे निर्णय आता लिहिले जात नाहीत. ते निवडले जातात. वरवर पाहता फरक किरकोळ आहे. शुद्धलेखनाच्या नियमांचा जाच कमी झाला म्हणून त्याचे समर्थनही करता येईल, आणि १९६२ व १९७२ च्या नियमांनी पिडलेल्या पिढ्यांना ते पटेलही. पण यादी वारंवारतेवर चालते. जो शब्द अधिक लिहिला गेला तो वर येतो, वर आला म्हणून अधिक निवडला जातो. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी वळणाचा शब्द यादीत असलाच तर तळाशी असतो, आणि पुष्कळदा त्याच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा प्रमाण शब्द परस्पर उमटतो. आनंद यादवांच्या ‘झोंबी’ (१९८७) सारखी कादंबरी ज्या काळात छापली गेली, त्या काळी लेखकाचा अपरिचित शब्द बदलू पाहणाऱ्या जुळाऱ्याला किंवा मुद्रितशोधकाला निदान माणूस म्हणून गाठता येत होते. त्याच्याशी भांडता येत होते. यादीशी भांडण होत नाही. तिला बाजूला सारण्याचे श्रम दर शब्दामागे करावे लागतात आणि ते श्रम कोण किती काळ करील?

एका अक्षराची गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधले खोलगट भाग. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील फरक तर पंक्तीला बसलेल्या कोणालाही कळेल. हा भेद मराठीचा आहे, हिंदीला त्याची गरज नाही. मराठीचा वेगळा विचार न करता घडवलेल्या साधनांत हा अर्धा ‘र’ सहज सापडत नसे. मग दऱ्यांचा दर्या होऊ लागला, आणि पुढे पुढे तो खटकेनासा झाला. पुन्हा, हे अक्षर साठवण्याच्या दोन पद्धती प्रचलित झाल्या. ‘ॲ’चेही तसेच. २००८ मध्ये युनिकोडने त्याला स्वतंत्र स्थान दिले, पण ‘अ’ला चंद्र जोडून लिहिण्याची पद्धत चालूच राहिली. डोळ्यांना एक दिसणारे शब्द यंत्राच्या लेखी दोन असतात, ही गोष्ट मराठीच्या स्मरणव्यवस्थेच्या मुळाशी जाणारी आहे.

वाक्ये रचून देणाऱ्या यंत्रांविषयी, म्हणजे २०२२ च्या अखेरीस सार्वत्रिक झालेल्या भाषाप्रारूपांविषयी, येथे थोडकेच म्हणता येते. यादीतील शब्दाच्या जागी आता अख्खा परिच्छेद पर्याय म्हणून पुढे येतो. लिहिणाऱ्याकडे उरतो तो पसंतीचा निर्णय. जे वाक्य तयार करताना विचाराची अडचण जाणवली असती ते वाक्य आधीच सुरळीत झालेले असते, आणि अडचण जाणवण्याची जागाच नाहीशी होते. ‘सबब’ लिहिण्याच्या सक्तीपासून हे पुष्कळ दूर आहे.

आता शोधाचा प्रश्न. इंटरनेट ही बाह्य स्मृती आहे, असे म्हणताना कार किंवा त्यांचे टीकाकार इंग्रजीचा विचार करीत असतात. तेथील गृहीत असे की जे छापले गेले ते बहुतांशी शोधात सापडते. मराठीत हे गृहीत पायरीपायरीवर ढासळते. पहिली पायरी व्याकरणाची : अक्षरशः जुळणी करणाऱ्या शोधात ‘पाऊस’ टाकला तर ‘पावसात’ निसटते, ‘देऊळ’ टाकले तर ‘देवळात’ निसटते. सामान्यरूप हा मराठीचा प्राण आणि साध्या शोधाचा शत्रू आहे. दुसरी पायरी लेखननियमांची : १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या छापील मराठीत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘तेव्हां’ असे लिहिले जाई. आजच्या लेखनानुसार शोधणाऱ्याला ती मराठी दुसऱ्या भाषेइतकी दूर राहते. आणि जुनी पुस्तके चित्ररूपाने चढवलेली असली तर त्यांतील अक्षरे शोधाला दिसतच नाहीत. तिसरी पायरी अनपेक्षित आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात संगणकावर जुळवलेली मराठी तरी सापडावी. पण त्या काळचे टंक देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवीत. त्या धारिका आज उघडल्या तर निरर्थक रोमन अक्षरांची माळ हाती येते. बखर, निबंधमाला, ज्ञानकोश यांच्यापासून अनियतकालिकांपर्यंतचा आणि त्यापुढचाही मोठा भाग अशा रीतीने शोधाच्या बाहेर राहतो.

शोधाची ही मराठी अलीकडची, प्रमाण आणि पातळ आहे. तिच्यावर पोसलेल्या विचाराचा इतिहास आखूड असणार. शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ (१८०० ते १९३७ आणि पुढील खंड १९३८ ते १९५०) या ठिकाणी तुलनेला घ्यावी. सूची पाहणाऱ्याला हव्या त्या नोंदीपर्यंत जाताना नको असलेल्या नोंदींतून जावे लागते. विषयाची वर्गवारी कोणी, कशी केली हे समोर असते आणि तिच्याशी मतभेद करता येतो. वैद्यक शोधताना पाकशास्त्र हाती लागते, आणि एखाद्या ग्रंथकाराने दोन्हींवर लिहिले होते हे कळते. शोधाची चौकट जे विचारले तेवढेच देते, आणि जे नाही ते का नाही हे सांगत नाही. ‘सापडले नाही’ आणि ‘अस्तित्वात नाही’ यांतील अंतर राखण्याचे काम पूर्वी ग्रंथपाल, सूचिकार आणि मार्गदर्शक यांच्यात वाटलेले होते. आज ते एकट्या शोधणाऱ्यावर आले आहे, आणि ते आपल्यावर आले आहे याची खूण त्याला कोठेही दिसत नाही.

‘या विषयावर मराठीत यापूर्वी विचार झालेला नाही’ हे वाक्य पदव्युत्तर प्रबंधिका आणि पीएच. डी.चे प्रबंध यांच्या प्रास्ताविकांत वाचणाऱ्याला परिचयाचे आहे. पूर्वीही ते लिहिले जाई आणि पूर्वीही ते अनेकदा चूक असे. पण तेव्हाची चूक आळसाची होती, आणि परीक्षकाने एखादा जुना अंक समोर ठेवला की ती उघडी पडे. आजच्या संशोधकाने प्रामाणिकपणे शोध घेतलेला असतो, तासन्‌तास घेतलेला असतो. ‘नाहीं’ या रूपावरचा अनुस्वार त्याने टाकला नव्हता, इतकेच.